घाटमार्ग, भीमा खोऱ्यातील

सह्याद्रीच्या मुख्य रांगेवरून देश आणि कोकण यांना जोडणाऱ्या चढउताराच्या वाटांना मराठीत घाट म्हणतात. उत्तरेस माळशेज घाटापासून दक्षिणेस वरंधा घाटापर्यंतच्या पट्ट्यातील बहुतेक घाट भीमा नदी व तिच्या उपनद्या यांच्या उगमाजवळ सुरू होतात आणि कोकणात उतरतात. पुणे जिल्ह्याच्या जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ, मुळशी, भोर इ. तालुक्यांची पश्चिम सीमा स्थूलमानाने याच कड्यावरून जाते. कड्याच्या पूर्वेस उतरलेले पाणी बंगालच्या उपसागराकडे, तर पश्चिमेस उतरलेले पाणी अरबी समुद्राकडे वाहते. त्यामुळे घाटाचा माथा हा एकाच वेळी जलविभाजक, हवामानाची सीमा व वाहतुकीचा अडथळा ठरला आहे.

‘घाट’ या शब्दाचा मूळ अर्थ पायऱ्या किंवा पायऱ्यांचा उतार असा असून नदीकाठच्या बांधीव पायऱ्यांनाही तोच शब्द लावतात. कोकणातून वर चढणाऱ्या वाटेला पायऱ्यांचे रूप असल्याने ती घाट झाली. पुढे यूरोपीय लोकांनी वाटेचे हे नाव सबंध पर्वतालाच दिले आणि ‘पश्चिम घाट’ ही भूगोलातील संज्ञा रूढ झाली. स्थानिक भाषेत मात्र वाटेच्या प्रकारानुसार निरनिराळे शब्द आहेत. दोन डोंगरांमधील अरुंद, खोलगट जागेतून जाणारी ती खिंड, कड्याला पडलेल्या उभ्या भेगेतून उतरणारी ती नाळ (उदा., बोराट्याची नाळ), कड्याच्या तोंडाशी दरवाजासारखी अरुंद जागा असेल तर ते दार (उदा., भोरांड्याचे दार). शिडी लावल्यावाचून जी वाट उतरता येत नाही ती शिडी घाट होय. कोकणातील लोक देशावरच्या माणसाला ‘घाटी’ म्हणत. घाटावरचा राहणारा एवढाच त्याचा अर्थ होता. मुंबईच्या गिरणगावात व गोद्यांत तो पुढे हिणकस अर्थाने वापरला जाऊ लागला.

भूरचना : सह्याद्रीचा हा भाग दक्षिणेतील लाव्हारसाच्या आडव्या थरांचा बनलेला असून त्यांचे वय सु. ६·६ कोटी वर्षे आहे. कठीण व एकसंध बेसाल्टचा एक थर, त्यावर सच्छिद्र व लवकर झिजणारा दुसरा थर, अधूनमधून तांबड्या मातकट खडकाचा पातळ पट्टा, अशी ही रचना आहे. कठीण थरांचे उभे कडे व मऊ थरांचे उतरते टप्पे तयार झाल्याने डोंगराला पायऱ्यांचा आकार आला. पूर्वी वाट काढणाऱ्याने या टप्प्यांचाच आधार घेतला. टप्प्यावरून आडवे जायचे आणि जेथे कडा भेगाळलेला असेल तेथे वर चढायचे, हे घाटवाटेचे तंत्र होय. मोटारीच्या रस्त्यांची नागमोडी वळणेही मूलतः हेच तंत्र पाळतात.

कड्याच्या दोन बाजूंमधील विषमता हे या घाटांचे मुख्य वैशिष्ट्य आहे. पुणे समुद्रसपाटीपासून सु. ५६० मी. आणि लोणावळे सु. ६२० मी. उंचीवर आहे. म्हणजे पुण्याहून सु. ६५ किमी. पश्चिमेस जाताना प्रवासी जेमतेम ६० मी. वर चढतो. लोणावळ्याहून खोपोलीस मात्र सु. १५ किमी. अंतरात ५०० मी. पेक्षा अधिक उतरावे लागते. देशाकडून येणाऱ्याला पर्वत चढल्याची जाणीव होतच नाही. तो एकाएकी कड्याच्या तोंडाशी येऊन पोहोचतो. पर्जन्यमानातही अशीच तफावत आढळते. घाटमाथ्यावर वर्षाला ४,००० मिमी. हून अधिक पाऊस पडतो, तर त्याच नद्यांच्या काठी असलेल्या शिरूर–दौंड भागात तो ५०० मिमी. च्या आसपास असतो.

नद्या व मार्ग : घाटाची निवड माणसाने केली असे म्हणण्यापेक्षा नद्यांनी ती त्याच्यासाठी आधीच करून ठेवली होती, असे म्हणणे अधिक योग्य ठरेल. भीमा भीमाशंकर येथे कड्यापासून थोड्याच अंतरावर उगम पावते आणि समुद्राकडे पाठ फिरवून सु. ८६० किमी. चा प्रवास करून कृष्णेस मिळते. इंद्रायणी लोणावळ्याजवळ कुरवंडे येथे, कुकडी नाणेघाटाजवळ, घोड आहुपे परिसरात, मुळा मुळशीच्या पश्चिमेस, तर नीरा वरंधा घाटाच्या माथ्याकडील डोंगरांत उगम पावते. या प्रत्येक नदीने पूर्वेकडे रुंद व मंद उताराचे खोरे कोरले आहे. घाट चढून आलेल्या बैलांच्या तांड्याला पुढे पाणी, चारा व सपाट वाट या खोऱ्यातच मिळे. मावळातील बारा मावळे म्हणजे अशीच खोरी होत. त्यांच्या वरच्या टोकाला बहुधा एखादी कोकणात उतरणारी वाट असते.

ही खोरी खाली एकमेकांस मिळतात, त्याप्रमाणे त्यांतील वाटाही एकत्र येतात. तुळापूर येथे इंद्रायणी भीमेस मिळते, त्याच परिसरात भीमेकाठी वढू बुद्रुक (ता. शिरूर) हे गाव आहे. पुढे रांजणगाव सांडसजवळ मुळा-मुठा, त्याखाली घोड आणि अखेरीस नीरा नरसिंहपूर येथे नीरा भीमेत येते. बोरघाट, कुरवंडे व भीमाशंकर येथील वाटांचे पाणी ज्या ठिकाणी एक होते, त्याच्या जवळूनच पुणे–अहिल्यानगर (२०२४ पूर्वीचे अहमदनगर) हा जुना हमरस्ता कोरेगाव भीमा येथे नदी ओलांडतो. कोकणातून वर आलेला माल व सैन्य औरंगाबाद, नगर किंवा विजापूर यांपैकी कोठेही जायचे असले, तरी या नदीकाठच्या पट्ट्याशी त्यांचा संबंध येई.

नाणेघाट व माळशेज : या पट्ट्यातील सर्वांत प्राचीन पुरावा नाणेघाटात आढळतो. जुन्नरच्या पश्चिमेस जीवधन किल्ल्याजवळ खडकातील एका अरुंद खाचेतून हा घाट खाली वैशाखरे–मुरबाडच्या बाजूस उतरतो. माथ्याजवळ खोदलेल्या लेण्यात सातवाहन राणी नागनिका हिचा ब्राह्मी लिपीतील प्रदीर्घ लेख असून तो सामान्यतः इ. स. पू. पहिल्या शतकातील मानला जातो. लेण्याच्या मागील भिंतीवर राजघराण्यातील व्यक्तींचे पुतळे कोरलेले होते. आज पायांचे अवशेष व वरील नावे तेवढी शिल्लक आहेत. १८२८ मध्ये कर्नल विल्यम साइक्स यांनी या लेखाकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. भारतीय अंकचिन्हांच्या इतिहासात त्यातील आकड्यांना विशेष महत्त्व आहे. घाटमाथ्यावर दगडात कोरलेला एक मोठा रांजण असून त्यात जकातीची नाणी टाकीत, असे सांगतात. ही समजूत परंपरेने आलेली आहे. लेखाचा विषय यज्ञ व त्यांत दिलेल्या दक्षिणा हा आहे, जकात नव्हे. तथापि राजघराण्याने आपली स्मारके राजधानीत न ठेवता कड्याच्या टोकाशी कोरून घ्यावीत, यावरून या वाटेवरून जाणाऱ्या-येणाऱ्यांची संख्या व प्रतिष्ठा लक्षात येते. पाण्याची टाकी, विश्रांतीची लेणी व पायऱ्या यांमुळे नाणेघाट ही नुसती पायवाट नव्हती, तर राज्याने सांभाळलेला मार्ग होता. प्रतिष्ठान (पैठण) व तेर येथील माल जुन्नरमार्गे कल्याण व सोपारा या बंदरांकडे या वाटेने जाई. शिवनेरी, जीवधन, हडसर व चावंड हे चार किल्ले या मार्गाच्या परिसरात आहेत. जुन्नरभोवती दोनशेहून अधिक लेणी खोदली गेली, त्यामागेही व्यापाऱ्यांची दाने हे एक मोठे कारण होते.

सोपाऱ्याची खाडी गाळाने भरत गेली, कल्याणचे महत्त्वही मुंबईच्या उदयानंतर ओसरले आणि नाणेघाट पुन्हा पायवाटेच्या पातळीवर आला. घाटाचे आयुष्य त्याच्या कड्यावर नव्हे, तर त्याच्या पायथ्यापलीकडील बंदरावर अवलंबून असते, ही गोष्ट येथे स्पष्ट दिसते. मोटारीचा रस्ता करताना नाणेघाटाची सोयीची पण अतिशय उभी खाच निरुपयोगी ठरली आणि थोड्या अंतरावरील माळशेज घाटाला तो मान मिळाला. कल्याण–मुरबाड–आळेफाटा–अहिल्यानगर हा राष्ट्रीय महामार्ग या घाटातून जातो. नाणेघाट व माळशेज यांच्या दरम्यान आणि दक्षिणेस दाऱ्या घाटापर्यंत अनेक लहान वाटा आहेत. त्यांचा उपयोग आजही आदिवासी वस्त्यांतील लोक बाजारहाट, सोयरीक व देवदर्शन यांसाठी करतात. नकाशांत त्या क्वचितच दाखविलेल्या असतात.

भीमाशंकर परिसर : नदीच्या उगमाशी असलेले ज्योतिर्लिंग व घनदाट जंगल यांमुळे भीमाशंकरची ख्याती आहे, वाहतुकीच्या दृष्टीने मात्र हा भाग दुय्यम राहिला. कर्जत तालुक्यातील खांडस येथून गणेश घाट व शिडी घाट या दोन वाटा वर येतात. त्यांच्या दक्षिणेस कुसूर घाट आंध्रा नदीच्या खोऱ्यातून भिवपुरीकडे उतरतो.

बोरघाट : भीमा खोऱ्यातील सर्वांत महत्त्वाचा आणि भारतातील रस्ते व लोहमार्ग यांच्या इतिहासात अग्रगण्य असलेला घाट. खंडाळा व खोपोली यांच्या दरम्यान असलेल्या या घाटाचे प्राचीनत्व कार्ले, भाजे व बेडसे या लेण्यांवरून, तसेच पायथ्याच्या कोंडाणे लेण्यांवरून सिद्ध होते. कार्ले येथील दात्यांत सोपाऱ्याचे रहिवासी व यवनही आहेत. राजमाची, लोहगड व विसापूर हे किल्ले घाटावर नजर ठेवण्यासाठी होते. खोपोली येथील विरेश्वराचे मंदिर व तलाव नाना फडणीसांनी बांधविले. पायथ्याशी थांबणाऱ्या तांड्यांची सोय त्यामुळे झाली.

लष्करी दृष्ट्या या घाटाने चढणाऱ्यापेक्षा रक्षण करणाऱ्याचीच बाजू नेहमी घेतली. १७७८ च्या अखेरीस मुंबईहून निघालेली इंग्रजांची फौज बोरघाट चढून वर आली खरी, पण रसदीची लांबलेली साखळी तुटताच तिला माघार घ्यावी लागली आणि जानेवारी १७७९ मध्ये वडगावचा मानहानीकारक तह करावा लागला. १७८१ मध्ये जनरल गॉडर्डने घाट जिंकला. तथापि पुण्याकडे पुढे सरकणे त्याला जमले नाही. परशुरामभाऊ पटवर्धन व हरिपंत फडके यांच्या फौजांनी त्याच्या परतीच्या वाटेवर मोठी हानी केली. दोन्ही वेळा घाट ओलांडणे शक्य झाले. टिकले नाही ते घाटामागील दळणवळण.

पेशवाईच्या अस्तानंतर घाटाकडे पाहण्याची दृष्टी बदलली. तोवर येथून ओझ्याचे बैल, तट्टे, हमाल व पालख्या जात. गाडी जात नसे. १८३० मध्ये गव्हर्नर सर जॉन माल्कम याच्या कारकीर्दीत चाकांच्या वाहनांसाठी बांधलेला रस्ता खुला झाला. या घटनेचे महत्त्व गाडीवाट झाली एवढ्यापुरते नाही. कोकणातून मीठ, सुकी मासळी, तांदूळ, नारळ वर न्यायचे आणि देशावरून गूळ, मिरची, तंबाखू, तेल, कापूस खाली आणायचा, हा व्यवहार तोपर्यंत शेकडो वाटांवर विखुरलेला होता. वंजारी व लमाण तांड्यांचे बैल पाठीवर गोणी घेऊन जेथे खूर टेकेल तेथून उतरत. गाडीला तसे करता येत नाही. तिला बांधलेला रस्ताच लागतो. त्यामुळे माल एका घाटाकडे ओढला गेला, इतर घाटांच्या पायथ्याचे बाजार ओस पडू लागले आणि तांड्यांच्या उपजीविकेवर पहिला मोठा घाला पडला. लोहमार्गाने हे काम पूर्ण केले.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा फाटा खोपोलीपर्यंत १८५६ मध्ये व खंडाळा–पुणे मार्ग १८५८ मध्ये सुरू झाला. मधला घाट प्रवाशांना पालखीतून, तट्टावरून वा पायी चढावा लागे. हा खंड भरून काढण्याचे काम १८५६ ते १८६३ अशी सात वर्षे चालले. मुख्य अभियंता जेम्स बर्कले याच्या आराखड्यानुसार सु. २५ किमी. लांबीच्या या मार्गात २५ बोगदे असून एकूण चढ सु. ५५८ मी. होता, सर्वांत तीव्र चढाव ३७ मीटरला एक मीटर असा होता. वळसा घेण्यास जागा नसल्याने एका ठिकाणी गाडी पुढे नेऊन थांबवीत आणि एंजिन दुसऱ्या टोकास लावून उलट दिशेने वर नेत. हे उलट स्थानक १९२९ मध्ये, विद्युतीकरणाच्या सुमारास नवा मार्ग काढून वगळण्यात आले. गाडीस मागून रेटा देणारी ‘बँकर’ एंजिने मात्र आजही कर्जतहून जोडली जातात.

अभियांत्रिकीच्या इतिहासात बोरघाटाचे गुणगान भरपूर झाले आहे. त्यासाठी मोजलेली किंमत त्या मानाने थोडक्यात आटोपली जाते. १८६१ मध्ये येथे एका वेळी सु. ४२,००० मजूर काम करीत होते. कड्याला दोराने लोंबकळत सुरुंगाची भोके पाडणे, खोल दरीच्या काठावर भराव टाकणे ही नित्याची कामे होती. पटकीच्या साथींनी छावण्या पुन्हा पुन्हा उठल्या. जानेवारी १८५९ मध्ये मजुरी थकल्याच्या कारणावरून मजुरांनी उठाव केला; त्यानंतर पहिल्या कंत्राटदाराने काम सोडले. त्याच्या जागी आलेला सॉलोमन ट्रेडवेल हा भारतात आल्यावर थोड्याच दिवसांत मरण पावला आणि उरलेले काम त्याची पत्नी ॲलिस हिने नेमलेल्या अभियंत्यांकडून पूर्ण करून घेतले. बांधकामाच्या घाईचा दोष पुढे उघडा पडला. १८६७ मध्ये एक मोठा दगडी पूल पावसाळ्यात कोसळला. घाटातील रस्त्यालगत शिंग्रोबाचे देऊळ आहे. साहेबाला वाट दाखविणाऱ्या आणि त्याबद्दल जिवाला मुकलेल्या धनगराचे ते स्थान, अशी आख्यायिका आहे. तिला कागदोपत्री आधार नसला, तरी ती टिकून राहिली, कारण वाटा गुराख्यांना आधी माहीत होत्या आणि अभियंत्यांना नंतर, ही वस्तुस्थिती तीत आहे. मोटारचालक आजही तेथे नाणे टाकून पुढे जातात.

कुरवंडे घाट व १६८९ : बोरघाटाच्या दक्षिणेस इंद्रायणीच्या उगमाजवळून कुरवंडे घाट उंबरखिंडीत उतरतो. १६६१ च्या फेब्रुवारीत कारतलबखान हा मोगल सरदार बोरघाटाऐवजी या आडवाटेने कोकणात उतरू लागला. त्याची फौज दाट जंगलाच्या अरुंद खिंडीत शिरताच शिवाजी महाराजांच्या सैन्याने तिला पुढून व मागून कोंडले आणि खानाला सामानसुमान टाकून शरण यावे लागले. लढाईपेक्षाही वाटेच्या माहितीने मिळविलेला विजय म्हणून उंबरखिंडीचे नाव घेतले जाते.

याच तत्त्वाची दुसरी बाजू अठ्ठावीस वर्षांनी दिसली. फेब्रुवारी १६८९ च्या प्रारंभी मुकर्रबखान हा मोगल सरदार कोल्हापूरच्या बाजूने निवडक स्वारांनिशी अवघड वाटांनी सह्याद्री उतरला व त्याने संगमेश्वर येथे छत्रपती संभाजी महाराजांना कवी कलशासह कैद केले. सह्याद्री ही तटबंदी असली, तरी तिच्या वाटा राखल्या गेल्या नाहीत तर ती आत शिरणाऱ्यालाही तितकाच आडोसा देते. कैद्यांना भीमेकाठच्या बहादूरगडावर (पेडगाव) व तेथून बादशाही छावणीबरोबर वर नदीकाठानेच कोरेगाव–तुळापूर परिसरात आणण्यात आले. ११ मार्च १६८९ रोजी महाराजांची हत्या झाली. त्यांची समाधी वढू बुद्रुक येथे आहे. औरंगजेबाची छावणी या पट्ट्यात असण्यामागे भूगोल होता : मोठ्या लष्कराला लागणारे पाणी, वैरण व सपाटी घाटमाथ्यावर नव्हती, ती जेथे खोरी एकत्र येतात तेथे होती, आणि मावळातील वाटांकडे जाणारे रस्ते तेथून फुटत होते. त्याच वर्षी मोगल फौज कोकणात उतरून तिने रायगडास वेढा दिला आणि नोव्हेंबरमध्ये तो घेतला.

ताम्हिणी व वरंधा : मुळेच्या खोऱ्यातून माणगावकडे उतरणाऱ्या ताम्हिणी घाटाचा इतिहास धरणांशी जोडलेला आहे. व्यापाऱ्याला अडथळा वाटणारा कडा विसाव्या शतकात विजेचा उगम ठरला. टाटा कंपन्यांनी घाटमाथ्यावर पाणी अडवून ते नळांतून कोकणात सोडले व त्यावर खोपोली (१९१५), भिवपुरी (१९२२) व भिरा (१९२७) येथील वीजकेंद्रे चालविली. पूर्वेकडे जाणारे पाणी असे पश्चिमेस वळविले गेले. मुळशीच्या जलाशयात खोऱ्याचा वरचा भाग, त्यातील गावे, भातखाचरे आणि जुन्या वाटा बुडाल्या. त्याविरुद्ध १९२१ मध्ये सुरू झालेल्या सत्याग्रहाचे नेतृत्व पां. म. (सेनापती) बापट यांनी केले. आजचा ताम्हिणीचा रस्ता या जलाशयाच्या काठाने जातो. वरंधा घाट भोर व महाड यांना जोडतो. सावित्रीच्या खाडीतून महाडपर्यंत गलबते येत, तोपर्यंत याचे महत्त्व मोठे होते. कावळ्या किल्ला त्याच्या पहाऱ्यासाठी होता. हा रस्ता अरुंद व दरडप्रवण असून अलीकडच्या काही वर्षांत पावसाळ्यात तो वाहतुकीस बंद ठेवावा लागला आहे.

द्रुतगती मार्ग : मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये संपूर्ण खुला झाला. सु. ९४·५ किमी. लांबीचा हा सहा पदरी मार्ग महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाने बांधला असून त्याला यशवंतराव चव्हाण यांचे नाव दिले आहे. सपाटीवर हा स्वतंत्र मार्ग आहे. घाटात मात्र त्याला जुन्या महामार्गाबरोबर काही अंतर एकत्र जावे लागले. दोन्ही रस्त्यांची वाहने नेमक्या चढावर एकवटल्याने खोळंबा होई. हा भाग वगळण्यासाठी खोपोली व कुसगाव यांच्या दरम्यान सु. १३ किमी. लांबीचा नवा दुवा आखण्यात आला. त्यात दोन बोगदे असून मोठ्या बोगद्याची लांबी सु. ८·९ किमी. आहे; दरीवर तारांनी तोललेला पूल आहे. या कामास २०१९ मध्ये प्रारंभ झाला. रस्ता डोंगराच्या अंगावरून नेण्याऐवजी पोटातून नेण्याचा हा बदल मूलभूत स्वरूपाचा आहे. कात्रज, खंबाटकी व कशेडी येथेही तोच कल दिसतो.

दरडी : घाटरस्त्याची रुंदी वाढविताना उताराचा पाया कापला जातो. वरचा झिजलेला खडक व माती यांचा आधार त्यामुळे जातो. मुरलेले पाणी तांबड्या मातकट थरापर्यंत येऊन अडते, थर निसरडा होतो व त्यावरील भाग घसरतो. उभ्या सांध्यांनी फुटलेला बेसाल्ट मात्र घसरत नाही. त्याचे ठोकळे सुटून पडतात. पहिल्या प्रकाराला पाण्याचा निचरा व पायाची भिंत, दुसऱ्याला लोखंडी जाळी व खडकात रोवलेल्या सळया, असे वेगळे उपाय लागतात. एकाच्या जागी दुसरा वापरल्यास खर्च होतो, संरक्षण मिळत नाही. जुलै २०१५ मध्ये द्रुतगती मार्गावर आडोशी बोगद्याजवळ दगड कोसळून जीवितहानी झाली. त्यानंतर या भागात जाळ्या बसविण्याचे काम मोठ्या प्रमाणावर हाती घेण्यात आले. सुरक्षा-कठडे तुटके असलेल्या किंवा नसलेल्या घाटांत धोका याहून निराळा असतो. कृष्णा खोऱ्याच्या माथ्यावरील, वरंध्याचा शेजारी म्हणता येईल अशा आंबेनळी घाटात २८ जुलै २०१८ रोजी एक बस दरीत कोसळून सु. तीस जणांचा मृत्यू झाला.

रस्त्यावरील दरडी बातम्यांत येतात, कारण त्यांनी वाहतूक थांबते. घाटमाथ्यावरील गावांवर येणाऱ्या दरडींची खबर काही वेळा रस्त्यावरून जाणाऱ्यालाच प्रथम लागते. ३० जुलै २०१४ च्या पहाटे घोड नदीच्या वरच्या खोऱ्यातील माळीण (ता. आंबेगाव) हे गाव डोंगराखाली गाडले गेले व १५१ जण मृत्युमुखी पडले. नेहमीप्रमाणे तेथे आलेल्या राज्य परिवहनाच्या बसचालकास गावाच्या जागी चिखल दिसला आणि त्याच्याकडून ही वार्ता बाहेर पोहोचली. वाचलेल्या कुटुंबांसाठी जवळच नवी वसाहत वसविण्यात आली. माळीणनंतर पुणे जिल्ह्यातील घाटमाथ्यावरच्या दरडप्रवण गावांची पाहणी करून त्यांच्या याद्या तयार करण्यात आल्या. पावसाळ्यात अशा वाड्यांतील लोकांना तात्पुरते हलविण्याची पद्धत त्यातून पडली. मात्र भातलावणीचे दिवस तेच असल्याने खाचरे सोडून जाण्यास कुटुंबे सहसा तयार नसतात.